डबल स्टँडवरची हिमालयन आणि अधांतरी पुढचे चाक

डबल स्टँडवर उभी असलेली जड मोटरसायकल तीन ठिकाणी टेकलेली असते: स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. पुढचे चाक काढायचे म्हणजे या तिघांतला एक टेकू काढून घ्यायचा आणि त्याऐवजी दुसरा द्यायचा. तो कुठे द्यायचा, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. बहुतेक जण इंजिनाखाली जॅक लावून मोकळे होतात. इथेही आधी तसेच केले आणि गाडी कलंडली. मग त्याच जागेत, त्याच गाडीवर तेच काम दुसऱ्या पद्धतीने केले आणि ते नीट पार पडले. दोन्ही वेळी काय झाले आणि का झाले, ते सविस्तर मांडतो.

गाडी, जागा आणि काम

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, बीएस-६. पेट्रोल-ऑइलसकट वजन १९९ किलो, व्हीलबेस १४६५ मिमी, टाकी १५ लिटरची. पुढचे चाक २१ इंची, टायर ९०/९०-२१, पुढची डिस्क ३०० मिमी. गाडीला डबल स्टँड कंपनीचाच आहे. त्यावर लावली की पुढचे चाक जमिनीला टेकते आणि मागचे अधांतरी राहते.

जागा पुण्यातल्या एका सोसायटीतले इमारतीखालचे पार्किंग. जमीन पेव्हर ब्लॉकची, गटाराच्या जाळीकडे हलका उतार. डोक्यावर स्लॅब आहे, पण हूक नाही आणि साखळी-पुली टांगायला काहीच नाही. स्लॅबखालून जाणाऱ्या पाण्याच्या आणि आग विझवायच्या पाइपांना गाडी टांगायचा विचारसुद्धा मनात आणू नये.

तक्रारी दोन होत्या. संथ वेगात पुढून घरघर ऐकू यायची, म्हणून चाकाच्या बेअरिंगचा संशय होता. शिवाय सरळ रस्त्यावर हँडल मधोमध आले की खाचेत बसल्यासारखे वाटायचे, म्हणून कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगचा, संशय. दोन्ही तपासायला पुढचे चाक हवेत हवे आणि बेअरिंग बदलायला ते गाडीपासून वेगळे करायला हवे.

पहिला प्रयत्न

गाडी डबल स्टँडवर लावली. कारसोबत मिळणारा कात्री जॅक बॅशप्लेटच्या (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) पुढच्या कडेखाली ठेवला, मध्ये लाकडाचा एक तुकडा. पुढचे चाक जमिनीपासून साधारण १० सेंमी उचलेपर्यंत जॅक फिरवला. ॲक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट अजून सोडवलेला नव्हता, तो चाक हवेत असताना सोडवायला घेतला. नट घट्ट होता. लांब दांड्याच्या पान्यावर जोर दिला तेव्हा गाडी किंचित हलली. नट सुटला, पण ॲक्सल बाहेर येईना, म्हणून त्यावर रबरी हातोडीने ठोकले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला गाडी डावीकडे कलली. बाजूला भिंत होती, टाकीशेजारचा गार्ड तिला लागला आणि गाडी तिथे अडकली. क्लचची मूठ वाकली. कोणाला लागले नाही, ते केवळ भिंतीमुळे.

गाडी कलली कारण त्या वेळी स्टँडचे पाय जमिनीवर नव्हतेच. हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याची नजर पुढच्या चाकावर असते.

गाडी पुढून उचलली की ती स्टँडच्या पायांवर मागे झुकते आणि मागचे चाक खाली येते. या गाडीचे मागचे चाक जमिनीपासून ४ सेंमी वर होते. स्टँडपासून पुढचा ॲक्सल सुमारे ८० सेंमी आणि मागचा सुमारे ६६ सेंमी. म्हणजे मागचे चाक टेकेपर्यंत पुढचे चाक ४.८ सेंमीच उचलते. जॅक स्टँडच्या ३५ सेंमी पुढे होता. त्याने जेमतेम २ सेंमी उचलले की ही मर्यादा संपते. त्यापुढे जॅकचा प्रत्येक फेरा गाडीला मागच्या टायरवर फिरवतो आणि स्टँडचे पाय जमीन सोडतात. पुढचे चाक १० सेंमी वर गेले तेव्हा स्टँडचे पाय २ सेंमीहून जास्त उचलले गेले होते. गाडी उभी होती ती मागचा टायर आणि जॅक यांवर. हे दोन्ही टेकू गाडीच्या मध्यरेषेवर आहेत, बाजूला कलायला अडवणारे काहीच नाही. दोनशे किलोची सायकलच म्हणा ना.

दोन गोष्टींनी यात भर घातली. गाडी मागे झुकते तेव्हा बॅशप्लेट नुसती वर जात नाही, ती कमानीत फिरते आणि थोडी मागेही सरकते. प्लेटची कड स्टँडच्या टेकण्यापासून २० सेंमी उंच असेल, तर पाच अंशांच्या झुकावाला ती १७ मिमी मागे जाते. कात्री जॅकचा माथा मात्र सरळ वर जातो. मग एक तर लाकूड घसरते, नाही तर जॅक तिरका होतो, किंवा घर्षणामुळे तो गाडीला पुढे ढकलत राहतो. डबल स्टँड मिटायची दिशा हीच. दुसरी गोष्ट म्हणजे पेव्हर ब्लॉक. जॅकचे बूड लहान आणि ब्लॉक वाळूत नुसते मांडलेले. त्या बुडाखालचा एक ब्लॉक कडेने खचला होता, हे नंतर दिसले.

आधी वजन मोजायचे

दुसऱ्या वेळी सुरुवात न्हाणीघराशेजारच्या वजनकाट्यापासून केली. हा साधा उपाय फारसे कोणी करत नाही, पण काय करायचे ते त्यातूनच कळते. गाडी डबल स्टँडवर लावून पुढच्या चाकाखाली काटा सरकवायचा. काट्याच्या जाडीइतकी फळी स्टँडखाली घातली तर आकडा अधिक खरा येतो. इथे काट्यावर २२ किलो दिसले.

या २२ किलोंत काय काय आहे ते पाहा. टायर, ट्यूब आणि डिस्कसकट २१ इंची चाक अंदाजे १३ किलो. शॉकअपचे (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या, आत स्प्रिंग असलेल्या नळ्यांचे) खालचे पाय, कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग) आणि खालचा मडगार्ड मिळून आणखी काही किलो. म्हणजे काट्यावरचा बहुतेक भार स्प्रिंगांच्या खालच्या भागांचाच आहे आणि शॉकअप जवळजवळ पूर्ण लांबलेला आहे. ही चांगली गोष्ट, कारण गाडी उचलली की शॉकअप लांबण्यात उंची वाया जाणार नाही, चाक लगेच जमीन सोडेल. काट्यावर ४० किलो दिसले असते तर हिशेब वेगळा झाला असता.

आता तराजूसारखा विचार करायचा. पुढे २२ किलो, ८० सेंमीवर. मागे कॅरियर जिथे फ्रेमला बसतो ती जागाही स्टँडपासून जवळपास ८० सेंमी. म्हणजे तिथे २२ किलो टांगले की गाडी बरोबर तोलली जाईल, त्याहून जास्त टांगले की पुढचे चाक आपोआप उचलेल. चाक काढल्यावर पुढून १३ किलो कमी होतात, म्हणून मागे फक्त ९ किलो पुरतात. काम पुढे सरकते तसा मागचा टेकू भक्कम होत जातो. जॅकवर बेतलेल्या पद्धतीत नेमके उलटे होते. जॅकवर आधी सुमारे ५० किलो असतात आणि चाक निघाल्यावर २० उरतात. भार कमी झालेला जॅक एका धक्क्याने निसटू शकतो.

म्हणून मुख्य भार मागे न्यायचा आणि जॅक पुढे नुसता सोबतीला ठेवायचा, असे ठरवले.

उंचीचा प्रश्न

वजन मागे गेल्यावर पुढचे चाक ४.८ सेंमी उचलते, हे वर आलेच आहे. बेअरिंग तपासायला तेवढे पुरते. पण हिमालयनच्या दोन शॉकअपांमध्ये खालचा मडगार्डही आहे, त्यातून चाक खाली घेऊन बाहेर काढायला ७ ते ८ सेंमी हवेत. ही जादा उंची जॅकने मिळवायला गेले की पहिलीच चूक पुन्हा होते. ती स्टँडखालून मिळवायची.

स्टँडच्या दोन्ही पायांखाली १८ मिमी जाडीचा एकच प्लाय घातला, ६० बाय ३० सेंमीचा. मागचे चाक जमिनीवर टेकलेले असताना स्टँड १८ मिमी वर गेला की पुढचा ॲक्सल त्याच्या २.२ पट, म्हणजे साधारण ४ सेंमी वर जातो. एकूण उंची जवळपास ९ सेंमी झाली. एकच फळी घेण्याला कारण आहे. दोन पायांखाली दोन तुकडे ठेवले तर एखादा तुकडा पेव्हर ब्लॉकच्या फटीवर येतो आणि गाडी तिरकी बसते. मोठ्या फळीने भार पाच-सहा ब्लॉकांवर पसरतो.

फळीवर गाडी चढवताना ताकद लावू नये. तेवढ्याच जाडीची दुसरी फळी मागच्या चाकाखाली घालायची, गाडी तिच्यावर ढकलायची आणि मग डबल स्टँड लावायचा. कष्ट नेहमीपेक्षा थोडेच जास्त पडतात. गाडी स्टँडवर बसली की मागचे चाक हवेत जाते, ती दुसरी फळी ओढून घ्यायची. ती तिथेच विसरली तर सगळी उंची गेली. इथे गाडी अशी लावली होती की उतार तिच्या मागच्या बाजूला येईल. उतार पुढच्या बाजूला असेल तर स्टँड मिटायला मदतच होते. आडवा उतार असेल तर हे काम तिथे करूच नये.

चाक जमिनीवर असतानाच

जोर लागणारी सगळी कामे चाक टेकलेले असतानाच उरकायची. ब्रेकची मूठ रबरी पट्ट्याने हँडलला आवळून बांधली, म्हणजे चाक फिरत नाही. मग ॲक्सलला आवळणारा पिंच बोल्ट, ॲक्सलचा नट आणि कॅलिपरचे दोन बोल्ट प्रत्येकी अर्धा फेरा सैल केले, पूर्ण सोडले नाहीत. पान्याचा जोर नेहमी गाडीच्या मागच्या दिशेला किंवा खाली यावा. ३० सेंमीच्या दांड्यावर ६० न्यूटन-मीटर लावायचे तर हाताने २० किलोंचा ओढ द्यावा लागतो. तोच ओढ पुढच्या दिशेने लागला तर गाडी स्टँडवरून उतरायला वेळ लागत नाही.

मग स्टँड बांधला. डबल स्टँड मिटताना त्याचे पाय मागे आणि वर जातात, म्हणून त्याला पुढे बांधायचे. रॅचेट पट्टा स्टँडच्या आडव्या नळीतून घेऊन इंजिनापुढच्या फ्रेमच्या उभ्या नळीला बांधला. सायलेन्सरच्या नळीला पट्टा लागू द्यायचा नाही, ती पातळ असते आणि गरम असेल तर पट्टा वितळतो. काही जण स्टँड पुढच्या चाकाला बांधतात. चाक काढायचे नसेल तेव्हा तेही चालते.

हा पट्टा दोन मिनिटांत लागतो. तो नसेल तर बाकीच्या कोणत्याही काळजीला अर्थ नाही.

मागे वजन

२० लिटरचे पाण्याचे दोन कॅन घेतले, दोन्ही मिळून ४० किलो. ते कॅरियरवर ठेवले नाहीत. कॅरियर प्रवासाच्या सामानासाठी असतो आणि उंचावर ठेवलेले पाणी डुचमळते. दोन्ही बाजूंना एकेक कॅन, कॅरियर जिथे फ्रेमला बोल्टने बसतो तिथून पट्ट्याने टांगला. उजवीकडे सायलेन्सर वर आलेला आहे, म्हणून गाडी थंड असताना काम केले आणि कॅन व सायलेन्सर यांच्यामध्ये गोणपाट घातले.

इथे एक चूक फार जणांकडून होते. वजन टांगले की कॅरियरची जागा जवळपास नऊ सेंटिमीटर खाली येते. कॅन जमिनीजवळ टांगलेला असेल तर तो टेकतो, आणि टेकला की त्याचे वजन गाडीवर राहत नाही. पुढचे चाक अर्धवट उचलून थांबते आणि माणूस कॅन वाढवत बसतो. कॅनच्या बुडाखाली किमान १२ सेंमी मोकळे हवेत. पहिला कॅन लावताना दुसऱ्या माणसाने हँडल धरायचे. एकट्याने हे करू नये.

टाकीत ४ लिटरच्या आसपास पेट्रोल होते. भरलेल्या टाकीत ११ किलो पेट्रोल असते आणि ते स्टँडच्या पुढे असते. टाकी भरलेली असेल तर मागे थोडे जास्त वजन लागेल. सॅडलबॅग असेल तर ती काढायची गरज नाही, उलट भरून ठेवावी.

दोन्ही कॅन टांगल्यावर मागचा टायर जमिनीवर बसला आणि पुढचे चाक ९ सेंमी वर गेले. जादा १८ किलोंचा भार मागच्या टायरवर आला. चाक काढल्यावर तो ३१ किलोंच्या जादा वजनाइतका होणार होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मागचे चाक आता टेकलेले असल्याने गिअरचा उपयोग होतो. ते हवेत असताना गिअर टाकून काही मिळत नाही. मागच्या टायरला पुढून-मागून लाकडी पाचरी लावल्या.

आता जॅकची पाळी. बॅशप्लेटच्या मोकळ्या भागाखाली नाही, तर तिच्या वर इंजिनाला कवेत घेणाऱ्या फ्रेमच्या नळ्या जिथे आहेत, त्याच्या बरोबर खाली. प्लेटच्या मोकळ्या भागावर भार घेतला तर ती आत दबते आणि इंजिनाच्या बुडाला टेकू शकते. जॅकखाली ३० बाय ३० सेंमीचा प्लाय, माथ्यावर पाईन लाकडाचा ठोकळा. ठोकळा प्लेटला लागेपर्यंत जॅक हाताने फिरवला, दांडा लावला नाही. मग स्टँडच्या दोन्ही पायांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ती आत जात नव्हती, म्हणजे दोन्ही पाय टेकलेले होते. त्यानंतर काम चालू असताना जॅकला हात लागला की दर वेळी ही कागदाची तपासणी केली. पहिल्या प्रयत्नात हीच तपासणी केली असती तर क्लचची मूठ वाचली असती.

चाक काढल्यावर काय दिसले

चाक काढण्याआधी गाडी या अवस्थेत असतानाच कोनसेट तपासला. हँडल एका बोटाने डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळू फिरवायचे. मधोमध खाच लागते का, ते पाहायचे. इथे लागली, आणि चाक सरळ असताना हँडल आपोआप तिथेच थांबायचे. मग शॉकअपच्या खालच्या टोकांना धरून पुढे-मागे ढकलले, दुसऱ्या माणसाने हेडजवळ (कोनसेट बसतो त्या फ्रेमच्या नळीजवळ) बोट ठेवले. खट् असा खेळ जाणवला नाही. म्हणजे कोनसेट सैल नव्हता, त्याच्या कपांवर गोळ्यांचे ठसे उमटले होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हँडल सरळ असतानाच सगळे दणके बसतात, त्यामुळे ठसे मधोमधच येतात. कोनसेट आवळून ही खाच जात नाही, उलट वाढते. हा संच बदलावाच लागतो.

मग कॅलिपर काढून दोरीने शॉकअपला टांगला, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू दिला नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घातली, म्हणजे चुकून मूठ दाबली तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. एबीएसच्या सेन्सरची वायर तिच्या क्लिपातून सोडवली. ॲक्सल काढताना एका हाताने चाकाखाली आधार दिला आणि फिरवत फिरवत ओढला. ठोकायची वेळ आली नाही, कारण चाकाचे वजन ॲक्सलवर अडकलेले नव्हते. पहिल्या वेळी तो अडकला होता तो बऱ्याच अंशी याच कारणाने.

बाजूचे स्पेसर कुठल्या बाजूचे आणि कसे बसले होते, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवले. एका बाजूचे बेअरिंग खरखरत होते, दुसऱ्या बाजूचे ठीक होते. बदलायची दोन्ही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर पाहूनच नवी आणायची, रबरी सील दोन्ही बाजूंना असलेली. नवी ठोकताना बाहेरच्या रिंगएवढा सॉकेट वापरायचा आणि चाकाच्या मधली नळी विसरायची नाही. ती नसेल तर ॲक्सल आवळल्यावर दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि काही दिवसांत बेअरिंग जाते.

परत बसवताना

ॲक्सलला ग्रीसचा पातळ हात दिला. चाक बसवून ॲक्सल सरकवला, नट हातानेच आवळला. मग कॅलिपर बसवला. इथपर्यंत टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) बाजूलाच ठेवायचा.

उतरवायचा क्रमही ठरलेला आहे: आधी जॅक, मग पाचरी, मग गाडी न्यूट्रलमध्ये, मग एकेक करून कॅन. पुढचे चाक हळूच टेकले. स्टँडचा पट्टा सगळ्यांत शेवटी सोडला आणि गाडी स्टँडवरून उतरवली. पुढचा ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा खालीवर दाबला. असे केल्याने शॉकअपचे दोन्ही पाय ॲक्सलवर आपापल्या नैसर्गिक जागी येतात. त्यानंतरच ॲक्सलचा नट आणि मग पिंच बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले. आधी पिंच आवळला तर शॉकअप तिरका अडकतो आणि सील लवकर गळायला लागते.

आणि गाडी स्टँडवरून उतरवण्याआधीच ब्रेकची मूठ घट्ट होईपर्यंत पंप करायची. कॅलिपर काढताना पिस्टन मागे ढकलले जातात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा मूठ हँडलपर्यंत येते आणि ब्रेक लागत नाही. पार्किंगच्या उतारावर हे कळणे फार उशिराचे होईल. एबीएसचा दिवा गाडी थोडी चालल्यावर विझतो की नाही, तेही पाहायचे. तो विझला नाही तर आधी सेन्सरची वायर आणि सेन्सरचे टोक तपासायचे.

घरघर गेली. कोनसेटची खाच होती तशीच राहिली, कारण त्या दिवशी संच हाताशी नव्हता. ते काम पुढे याच मांडणीवर करता येते. शॉकअप आणि त्यांना धरणारे कंस काढले की पुढून आणखी वजन कमी होते आणि गाडी मागच्या चाकावर जास्तच भक्कम बसते. फक्त एक फरक आहे. त्या कामात हँडल केबलींवर लोंबकळते, म्हणून टाकीवर जाड चादर टाकून त्यावर ते बांधून ठेवावे. शॉकअपच्या टोकांना धरणारा फ्रंट पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) तिथे चालत नाही, कारण तो ज्याला धरतो तेच काढायचे असते. हेडच्या खालून पिन घालून उचलणारा स्टँडही नाही, कारण कोनसेटची दांडीच बाहेर काढायची असते. ज्या गाड्यांना डबल स्टँडच नाही त्यांना आधी मागचा पॅडॉक स्टँड लावावा लागतो, आणि त्यांचा हिशेब मागच्या ॲक्सलपासून नव्याने मांडावा लागतो.